तोट्यातली पिळवणूक

ताळेबंदात नफाच नसेल, तर पिळवणूक केली कुणी?

नफा म्हणजे कामगाराच्या घामाची चोरी, असं एक बाजू ठासून सांगते. नफा म्हणजे मालकाच्या हिमतीचं फळ, त्यात कसली आली पिळवणूक, असं दुसरी बाजू तितक्याच जोरात म्हणते. या दोन्ही बाजूंना मला एकाच जागी नेऊन उभं करायचं आहे. ती जागा म्हणजे सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातला उसाचा फड. इथे मालक म्हणजे कुणी शेठ नाही. हजारो सभासद शेतकरी हेच मालक. अनेक कारखान्यांच्या वार्षिक अहवालात वर्षानुवर्षे ‘संचित तोटा’ छापून येतो. आणि त्याच फडात, डिसेंबरच्या कडाक्यात, पहाटे अंधार असताना बीडकडचं एक जोडपं ऊस तोडत असतं. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चढवते. दिवस बारा-चौदा तासांचा. रात्री दोनला ट्रक आला तर रात्री दोनला उठून भरायचा, कारण तोडलेला ऊस वाळला की साखरेचा उतारा पडतो.

पहिल्या बाजूने सांगावं, इथे नफा नाही, मग या बाईची जी दशा होते तिला काय म्हणायचं? दुसऱ्या बाजूने सांगावं, इथे मालक शेतकरीच आहे, धाडसी उद्योगपती कुणी नाही, मग बक्षीस म्हणून कोण काय घेऊन जातं?

मला विचाराल तर दोन्ही बाजू चुकीचा कागद वाचत बसल्या आहेत. पिळवणूक नफा-तोटा पत्रकात सापडत नाही. कामगाराला ‘नाही, या पैशात मी येणार नाही’ असं म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याच्या घरात चूल पेटते का, हे आधी बघा. म्हणता येत असेल तर मालकाने खुशाल नफा कमवावा. येत नसेल तर मालक तोट्यात आहे की फायद्यात, याने काहीही फरक पडत नाही.

उदाहरणाला ऊसतोड घेण्याचं कारण असं की तिचे आकडे कुणालाही मांडून बघता येतात.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब कोयत्याचा, माणसाचा नाही. पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आसपास टोळी जमवणारा मुकादम गावात येतो आणि कोयत्याला ‘उचल’ देतो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून वर. हे पैसे मजुरी नव्हेत, मजुरीवर आधीच घेतलेलं कर्ज आहे. मुलीचं लग्न, सासऱ्याचं आजारपण, मागच्या हंगामाची अंगावर राहिलेली बाकी, यात ते महिन्याभरात संपतात. मग ते कर्ज ऊस तोडून फेडायचं.

जानेवारी २०२४ मध्ये संपानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे २७३ रुपये मिळायचे, ते ३६६ च्या घरात गेले. मोठा विजय म्हणून त्याचा गुलाल उधळला गेला आणि त्या कष्टकऱ्यांचा आनंद मी कमी लेखत नाही. पण हिशेब करू या. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून सातशे बत्तीस रुपये, माणशी तीनशे सहासष्ट, आणि तेही बारा तासांहून जास्त कामाचे. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे रोज दोन टनांनी १३७ दिवस. एकही सुट्टी नाही, एकही आजारपण नाही. दर आठवड्याला पोटापाण्यासाठी घेतलेल्या ‘खर्ची’चे पैसे यात धरलेलेच नाहीत. आणि हंगाम किती दिवसांचा? हल्ली अनेक ठिकाणी शंभर-सव्वाशे दिवसांत पट्टा थांबतो.

हंगाम का आखडला, तेही सांगायला हवं. कारखाने वाढले, त्यांनी गाळप क्षमता वाढवली, आणि तेवढाच ऊस कमी दिवसांत संपू लागला. पाऊस दगा देतो त्या वर्षी तर फारच लवकर. क्षमता वाढवण्याचा निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत झाला. त्याची किंमत, म्हणजे न फिटलेली उचल, पाटोदा-शिरूर-धारूरच्या घरांत गेली. आता ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाईल, आणि पुढच्या वर्षी त्या कोयत्याने कुठे जायचं, हे बाकीच ठरवेल.

‘कुणी हात धरून आणलं नव्हतं, राजीखुशीने आले’ असं मला कारखानदारांकडून नेहमी ऐकायला मिळतं. अंगठा उठवला, नोटरी झाली, बाँड पेपर आहे, मग जबरदस्ती कुठे? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच देऊन ठेवलं आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुराला किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये. ठेकेदार ते पैसे जमादारांच्या हाती देत, आणि जमादार माणशी एक रुपया कमिशन कापून सव्वाआठ रुपये मजुराच्या हातावर ठेवत. मजूर तर राजीखुशीनेच आले होते. न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते. काम ठेकेदाराकडून करून घेतलं म्हणून सरकार मोकळं होत नाही, हेही त्याच निकालात आहे.

चाळीस वर्षं उलटून गेली. जमादार गेला, मुकादम आहे. त्याचं कमिशन मजुरीच्या वर वेगळं धरलं जातं, वीस टक्क्यांच्या आसपास, हे मला ठाऊक आहे. तरीही उचलीचा हिशेब, उसाच्या वजनाचा हिशेब आणि खाड्याचा हिशेब सगळा मुकादमाच्या वहीत असतो. ती वही तोडणाऱ्याला वाचून कोण दाखवतं?

खाडा म्हणजे कामावर न येण्याचा दंड. आजारी पडलात, पोराला ताप आला, पाळीत अंग मोडून आलं, कारण काहीही असो; जोडीतला एक जरी बसला तरी कोयत्याच्या नावावर दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त चढतात. एका दिवसाच्या कमाईचा मोठा लचका. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पाल ठोकून किंवा कोपी करून राहायचं, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांब, आणि दर महिन्याला पाळीचे चार दिवस. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं तर तो पिशवी काढून टाकायला सांगतो. पिशवी काढली की पाळीची कटकट नाही आणि खाडाही नाही.

२०१९ मध्ये या प्रश्नावर विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा बायकांत एक. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. प्रत्येक शस्त्रक्रिया खाड्यापायीच झाली असं मी म्हणत नाही. भीती घालून पैसे कमावणारे डॉक्टर आहेत, कोवळ्या वयातली लग्नं आहेत, लागोपाठची बाळंतपणं आहेत, अस्वच्छतेतून होणारे आजार आहेत. पण ज्या धंद्यात बाईला आजारी पडण्याचीही मुभा नाही, त्या धंद्याने आपल्या तोट्याचे कागद मला दाखवू नयेत.

आता मालक शोधू. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मीही कधीकाळी कोयताच होतो, मी फक्त टोळी आणतो. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली, मला त्यांची नावंही माहीत नाहीत. आणि गंमत अशी नाही, दुःख असं आहे की प्रत्येकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या उसाच्या हमीदरातून, म्हणजे एफआरपीतूनच वजा होतो. म्हणजे मजुरी देतो शेतकरी, दर ठरवतो साखर संघ, कामाला पाठवतो कारखान्याचा स्लिप बॉय, पैसे वाटतो मुकादम. मालकपणाचे असे चार तुकडे केले की साप चावला, ट्रॉली उलटली, विहिरीत पोर पडलं, तर भरपाईचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे वकिलालाही सांगता येत नाही.

नफ्यालाच मूळ दोष मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रात हंगामाला साधारण दोनशे साखर कारखाने चालतात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास आता खासगी आहेत. खासगी कारखाना उघडउघड नफ्यासाठी चालतो. सहकारी कारखान्यात वरकड राहिली तर ती उसाच्या भावातून सभासदाकडे जावी, अशी मूळ कल्पना. नफा हेच पिळवणुकीचं कारण असतं, तर सहकारी कारखान्याच्या फडातली बाई खासगीच्या फडातल्या बाईपेक्षा निदान थोडी बरी असायला हवी होती. ती नाही. दर तोच, मुकादम तोच, खाडा तोच, कोपी तीच. मालकी बदलून तिच्या आयुष्यात कणभरही फरक पडलेला नाही. लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या आणि खासगी साखर उद्योगाच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवणं हे उद्दिष्ट होतं. ते फार मोठं काम होतं आणि बऱ्याच अंशी सफलही झालं. पण त्या सहकारात सभासद होण्याची अट होती जमीन आणि ऊस. ज्याच्याकडे फक्त कोयता, त्याला सभेच्या मांडवात जागाच ठेवली नव्हती.

फरक बघायचा असेल तर त्याच कारखान्याचं गेट ओलांडून आत जा. आत पॅनमन आहे, फिटर आहे, बॉयलर अटेंडंट आहे. त्यांची युनियन आहे, राज्य पातळीवर त्रिपक्षीय समितीत ठरलेली वेतनश्रेणी आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने तर असं ठरवलं की ज्यांना तो कायदा लागू होता अशा कामगारांना कंपनी तोट्यात असली तरी किमान बोनस द्यायचाच. म्हणजे कामगाराचा हक्क मालकाच्या नफ्यावर टांगून ठेवायचा नाही, हे तत्त्व आपल्या देशाने साठ वर्षांपूर्वी मान्य केलं आहे. आजारी कारखान्यांत या आतल्या कामगारांचेही पगार कित्येक महिने थकतात, हे मला माहीत आहे, आणि तेही लाजिरवाणंच आहे. पण थकलेला पगार मागण्यासाठी त्याच्याकडे हजेरीपट आहे, पगारपत्रक आहे, कामगार न्यायालय आहे. कारखाना एक, तोटा एक, आणि भिंतीच्या आत-बाहेर माणसाचं मोल इतकं वेगळं.

मार्क्सला इथे टाळून पुढे जाता येणार नाही. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली निघाला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की कामगार दिवसाच्या काही तासांत आपल्या मजुरीइतकं मूल्य तयार करतो, उरलेल्या तासांत जे तयार होतं ते वरकड मूल्य, आणि ते मालक घेतो. नफ्याचा उगम तिथे. यातला हिशेबाचा भाग मला पटत नाही. यंत्र झिजतं ते बदलावं लागतं, माल खपेल की नाही याची जोखीम कुणीतरी घेतो, पैसे आज घालून दोन वर्षांनी परत येतात, दहा जणांचं काम एकमेकांत गुंफणं हेही कामच आहे. कामगारांनी स्वतःची संस्था काढली तरी वरकड बाजूला काढावीच लागते. केरळात कण्णूरला विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा मंगळूरच्या बड्या विडी कंपन्यांनी तिथलं काम बंद केलं. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी केली. मालक स्वतः कामगार. तरीही वरकड ठेवली, म्हणूनच विडीचा धंदा उतरणीला लागल्यावर संस्थेला खाद्यपदार्थ आणि छत्र्यांकडे वळता आलं. ती वरकड कुणाची चोरी होती?

पण मार्क्सच्या मांडणीत हिशेबाच्या आधी एक गोष्ट येते, आणि ती मला पूर्ण पटते. ज्याच्याकडे विकायला स्वतःच्या श्रमांखेरीज काहीच नाही, तो बाजारात बरोबरीने उभा राहूच शकत नाही. खरेदीदार थांबू शकतो, विक्रेता थांबू शकत नाही. बालाघाटच्या डोंगरातली पाच एकर कोरडवाहू, तीही चार भावांत वाटलेली, विहीर जानेवारीत आटणारी. असा शेतकरी कागदोपत्री जमीनमालक असतो आणि कार्तिकात त्याच्या हातात कोयता असतो.

म्हणून थांबण्याची ताकद कुठून येते, हे पाहणं मला नफ्याची टक्केवारी मोजण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कुणी दयेपोटी दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. गिरण्या तेव्हा नफ्यात होत्या आणि नंतरही राहिल्या. रविवार दिल्याने एकही गिरणी बुडाली नाही. पुढे कित्येक दशकं मुंबईचे संप महिनोन्महिने चालू शकले, कारण कोकणात आणि घाटावर कामगाराच्या घरी भाताचं किंवा ज्वारीचं शेत होतं. बायकापोरांना गावी धाडून तो लढू शकत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तोवर भिवंडीचे माग रात्रंदिवस चालत होते आणि मालकांच्या डोळ्यांपुढे गिरणीखालच्या जमिनीचे भाव उभे राहू लागले होते. मालक थांबू शकले, कामगार किती थांबणार?

गावाकडे नकाराची ताकद खऱ्या अर्थाने एकदाच सरकारने दिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम दिलं. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसं त्या कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारावर त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. तुमच्या पगारपत्रकात दर महिन्याला साधारण दोनशे रुपये कापले जातात ना, तो हाच कर. म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाच्या पगारातून आष्टीतल्या बाईला ‘नको तुझं काम’ म्हणण्याची सोय केली होती. मला महाराष्ट्राच्या इतिहासात याहून मोठी आर्थिक घटना दिसत नाही.

आणि ती सोय लागू पडत होती याचा पुरावा हवा असेल तर बागायतदारांच्या जुन्या तक्रारी आठवा. रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाहीत, मजुरी वाढली, माणसं माजली. ती तक्रार हेच योजनेचं यश होतं. नंतर कामं वेळेवर निघेनाशी झाली, मजुरी आठ-आठ आठवडे अडकू लागली, ठेकेदार आणि यंत्रं घुसली. जिल्ह्यात काम हमखास मिळेना, तशी मुकादमाची उचल हीच हमी उरली. हमी योजना पंगू करणं म्हणजे मुकादमाला बळ देणं, हे जिल्ह्याच्या कचेरीत बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळतं.

शेतकऱ्याची बाजू न सांगता थांबलो तर मी अन्याय करीन. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० च्या आधीपासून सांगितलं की शेतमालाचे भाव पाडून शहरं शेतकऱ्याला लुटतात. ते खोटं नव्हतं. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवली, आणि त्यानंतर एफआरपी जवळजवळ दरवर्षी वाढत गेली. २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये झाली. मधला ताण कारखान्यांनी कर्जं काढून झेलला, काहींनी शेतकऱ्याचं बिल थकवून झेलला. ऊस वाळायला लागला की टोळीला ‘खुशाली’ आणि ड्रायव्हरला ‘एंट्री’ द्यावी लागते, हे शेतकरी पोटतिडकीने सांगतो. लाखोंची उचल घेऊन मुकादम पसार झाल्यामुळे कर्जबाजारी झालेले ट्रॅक्टरमालक कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव भेटतात. काटामारीच्या तक्रारी शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, आणि वजनात मारलेला प्रत्येक किलो शेतकऱ्याइतकाच तोडणाऱ्याचाही असतो. नागवला गेलेला माणूस दुसऱ्याला नागवू शकतो. शेतकऱ्याला बाजाराने छळलं, हे खरं मानूनही त्याच्या फडातल्या बाईचा हिशेब शिल्लक राहतोच.

‘मजुरी वाढवली तर साखर महागेल, धंदा बुडेल’ हा शेवटचा बुरूज. तोही पाडून बघू. एक टन उसातून दहा टक्के उताऱ्याने शंभर किलो साखर निघते. तोडणीचा दर टनाला शंभर रुपयांनी वाढवला तर साखरेच्या किलोवर एक रुपया पडतो. आजचा दर सरळ दुप्पट केला, तर साडेतीन-पावणेचार रुपये. मुकादमाचं कमिशन धरलं तरी साडेचारच्या आत. यात इथेनॉल, मळी, वीज यांचं उत्पन्न मोजलेलंच नाही. चार माणसांच्या घराला महिन्याला चार किलो साखर लागते असं धरा, म्हणजे अठरा रुपये. आणि देशातल्या साखरेचा मोठा वाटा तर घरात येतच नाही, तो मिठाई, बिस्किटं आणि थंड पेयांच्या कारखान्यांत जातो. त्या बाटलीच्या किमतीत हा फरक पैशांत मोजावा लागेल.

यंत्र येईल, ही धमकीही देऊन झाली आहे. यावं. २०२३ च्या संपात संघटनांनी हाच सवाल केला होता की हार्वेस्टरने तोडलेल्या उसाला कारखाने टनामागे चारशेच्या वर देतात, मग माणसाला २७३ का? यंत्राला उचल देऊन बांधता येत नाही. त्याला डिझेल घालावंच लागतं, बिघडलं तर थांबावंच लागतं, आणि त्याचा हप्ता बँक वसूल करते. म्हणून यंत्राला पूर्ण किंमत मिळते.

काही हालचाल झाली आहे, ती नोंदवायला हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तितकेच घालायचे, असं ठरलं. हंगामात हजार लाख टनांच्या आसपास गाळप होतं, म्हणजे कारखान्यांकडूनच शंभर कोटी. पोरांसाठी भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं मंजूर झाली. पण अजून कामगार किती, हेच नक्की नाही. कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा. ज्या उद्योगात उसाचा प्रत्येक टन, उताऱ्याचा प्रत्येक शतांश आणि पोत्यांची प्रत्येक थप्पी नोंदली जाते, तिथे माणसांची नोंद होत नाही, आणि ती का होत नाही याचं कारण उघड आहे. नाव नोंदलं की मालक ठरतो.

पुढचा दराचा करार होईल तेव्हा टनाच्या आकड्यावरून रात्र जागवली जाईल, सकाळी फोटो निघतील. संघटनांनी त्या टेबलावर आणखी मागण्या मांडाव्यात आणि त्या सुटल्याशिवाय कोयता उचलू नये. मूळ मालक म्हणून कारखान्याची सही. खाडा बेकायदा. उचलीची आणि वजनाची पावती दर आठवड्याला मोबाइलवर. हंगाम आखडला तर ठरलेल्या दिवसांची भरपाई. आणि ‘कोयता’ मोडून दोन माणसं वेगळी लिहायची, बाईची मजुरी बाईच्या खात्यावर. सरकारने त्याच वेळी बीडमध्ये हमीची कामं पावसाळा संपताच उघडावीत आणि मजुरी पंधरवड्यात द्यावी, म्हणजे दसऱ्याला मुकादम दारात आला तर घरातून त्याला परत पाठवता येईल.

एवढं दिल्यावर कारखान्याने नफा कमवावा, भरपूर कमवावा. त्या नफ्याला कुणी चोरी म्हणालं तर कारखान्याच्या बाजूने मी भांडेन.